पेन्सिलीनं उतरवलेला शिक्का

आइंडहोवनच्या केंद्रात लस टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवत. माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक सासरे आणि सून मराठीत बोलत होते.

"हात दुखतोय का, बाबा?"

"नाही गं. तो कागद दे जरा. शेजारच्या त्या डच आजोबांचा, खेरितरावांचा."

"त्यांच्या जुन्या इटालियन रायफलीवरचा शिक्का? अजून ओळखला नाहीत?"

"पहिल्याच दिवशी ओळखला. लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं बंदुकाच तपासल्या मी. तेर्नीच्या कारखान्याचा आहे, अगदी साधा."

"मग सांगायचं ना. ते दुर्मिळ समजून बसलेत."

"बायको गेल्यापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, शलाका. त्यात हा लॉकडाऊन. रोज अकराला कागदावर पेन्सिल घासून एखादा शिक्का उतरवतात आणि कुंपणापाशी येतात. दीड मीटर सोडून उभे राहतात, मी काय म्हणतो ते ऐकायला."

"आणि रायफलीवरचे शिक्के संपले की?"

"संपले. मागच्याच आठवड्यात."

"मग हा कुठला?"

"पहिल्या दिवशीचाच. काल त्यांनी नुसता उलटा करून दिला."

"म्हणजे त्यांनाही कळलंय?"

"कळलं असावं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असा कधी पाहिला नव्हता. उद्या परत बघावा लागेल."