दादाने बसवलेली दांडी

— नाही ताई, दादा नाही बसत आता दुकानात. तीन वर्षं होतील. 'मोठ्या मिस्त्रींकडेच द्या' म्हणून ज्यांनी तुम्हाला सांगितलं ना, ते बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलेले दिसत नाहीत. मी धाकटा भाऊ. द्या इकडे, बघू तरी. बसा ना, स्टूल आहे — त्यावरचं खोकं खाली ठेवा, काही होत नाही त्याला. हं. गिटारची ही सूर वाकवायची दांडी. हलते खरी. दाबली की सरळ सूर खाली यायला हवा, तर आधी टक् आवाज, मग सूर. आणि सोडली की लोंबकळते बिचारी. काही नाही, आटे झिजलेत. फिरवून फिरवून भोक मोठं होतं आणि दांडी राहते तेवढीच. भोकात तळाशी एक बारकी स्प्रिंग टाकायची, आट्यांवर नळवाले लावतात ती पांढरी टेप दोन वेढे द्यायची, की बसते घट्ट. आत्ताच करून देतो, पंधरा मिनिटांचं काम.

हे पण त्यानेच शिकवलं म्हणा. टेप आटे बसतात त्याच दिशेने गुंडाळायची — उलटी गुंडाळली की आत जाताना सगळी गोळा होते. माझी कितीदा गोळा झाली असेल — तो ओरडायचा नाही, नुसता चिमटा पुढे करायचा, काढ म्हणून. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, म्हणजे भाऊ कसला, वडीलच म्हणायचे. हात असा होता त्याचा — तो स्क्रू शोधायचा नाही, स्क्रूच यायचा बोटाखाली. आणि मग तेच हात… आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. वहिनी म्हणाली, झोप होत नाही नीट. मीही म्हटलं, झोपेचंच असेल. मग एकदा सोल्डरिंग करताना गिटारच्या रंगावर डाग पडला, एवढासा, तिळाएवढा. त्याने तो घासून घासून काढला, कुणाला दिसला नसता. मला दिसला.

तेव्हापासून मी काय करायला लागलो, सांगू? तो दुपारी जेवून आडवा झाला की त्याने केलेली कामं उघडून बघायचो. एखादा स्क्रू परत आवळ, एखादी तार परत लाव, असं. वर्षभर. त्याला कळू नये म्हणून सगळं होतं तसं ठेवायचो — पुसायचं फडकंसुद्धा त्याच घडीवर. मला वाटायचं, मी सांभाळून घेतोय त्याला. आणि खरं सांगायचं तर ताई, निम्म्या कामांत काही चूक नसायचीच. तरी मी आवळायचो. का आवळायचो, ते नका विचारू — थांबा, ती स्प्रिंग द्या जरा, तुमच्या पायाशी पडली. हं.

तर असं एक गिऱ्हाईक होतं आमचं, टोपीवाला म्हणायचो आम्ही, हॉटेलात वाजवायचा. दोन गिटारी होत्या त्याच्याकडे. त्यातल्या एकीची दांडी सैल, अशीच. दादाने बसवून दिली. पंधरा दिवसांत परत आला, परत सैल. परत दादाने बसवली. तिसऱ्यांदा आला तेव्हा काउंटरवर मी होतो. दादा आत, पार्टिशनमागे, कानस चालली होती त्याची. मी टोपीवाल्याकडे वाकलो आणि हळूच म्हटलं, 'दादाचे हात थरथरतात आता. पुढच्या वेळेपासून माझ्याकडेच द्या.' हळूच म्हटलं हो. पण कानस थांबली.

बाहेर आला. गिटार घेतली, इथेच, आत्ता तुमची ठेवलीय ना, इथेच ठेवली. टोपीवाल्यासमोर करून दाखवायची होती त्याला. दांडी काढली, टेप गुंडाळली — ती झाली. स्प्रिंग मात्र भोकात जाईना. एकदा पडली, दोनदा पडली. टोपीवाला उचलायला वाकला तर म्हणाला, 'राहू द्या.' स्वतः उचलली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा उचलली नाही. चिमटा माझ्या हातात दिला, चप्पल घातली आणि गेला. काम अर्धं टाकून कधी उठला नव्हता तो. कधीच नाही.

मी लागलो करायला. दांडी आत फिरवली तर हाताला कसंसंच लागलं. मोजून बघितली — ती दांडी त्या गिटारची नव्हतीच. दुसऱ्या गिटारची. आटे दिसायला सारखेच, पण केसभर फरक. कितीही टेप लावा, पंधरा दिवसांत सैल होणारच. टोपीवाल्याला विचारलं तर डोकं खाजवत म्हणतो, 'हो, मोठे मिस्त्री म्हणाले होते खरं पहिल्याच खेपेला, ही हिची नव्हे, हिची आणा. मीच विसरलो.'

म्हणजे दादाचं काम चोख होतं.

तसाच वर गेलो. वरच राहतो आम्ही, हा जिना आहे ना, त्याने. तो खिडकीपाशी बसला होता. म्हटलं, 'दादा, चूक तुझी नव्हती.' तो म्हणाला, 'मला माहितीये.' मग म्हणाला, 'हात थरथरतात, ते तू खोटं नाही बोललास. पण मला सांगायचंस ना. त्याला कशाला सांगितलंस?'

त्या दिवसापासून तो दुकानात बसला नाही.

नाही, अबोला वगैरे नाही. बोलतो की. आता हात फारच गेलेत, वहिनी भरवते. दर रविवारी दाढी मी करतो त्याची. मान वर करून निवांत बसतो माझ्या ब्लेडखाली, डोळेसुद्धा मिटून. पण करता करता मी म्हटलं ना, दादा, एक काम आलंय, जरा अडलंय, सांग ना कसं करू — की डोळे उघडतो, खिडकीकडे बघतो आणि म्हणतो, 'तुला येतं सगळं.' बस्स. तीन वर्षं, एवढंच.

घ्या, झाली. हलवून बघा. हलत नाही ना? दाबा. बघा, लगेच उतरतो सूर. — नाही नाही, ती स्पीकरची पिन नका लावू. अ‍ॅम्प चालू आहे, पण इथे नको. घरी वाजवून बघा, काही वाटलं तर परत आणा. नाही हो, बिघडायचं काही नाही… वर ऐकू जातं. वाजलं की तो जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. भिंतीला धरून. खाली येत नाही.

या तुम्ही आता. दार ओढून घ्या.