बाद झालेली बावन्न मतं

हॅलो?... हां ताई, बोल... नाही गं, कुठलं जेवण! प्रुफं तपासत बसलेय. आपल्या जुन्या मतदारसंघाच्या इतिहासाची... हो, आज दुपारीच छपाईला जातंय.

कोण म्हणालं तुला? ग्रंथपाल? त्या माणसाच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही!... हो, आईच्या निवडणुकीवर अख्खं प्रकरण आहे.

अगं ऐक ना... ऐक तर! मतदारसंघ मोडून बारा वर्षं झाली. कालव्याकडचा भाग एकाला गेला, बस डेपो दुसऱ्याला, आपली गल्ली तर मधोमध चिरली. आता नुसती निवडून आलेल्या खासदारांची यादी छापू? सहा नावं, सहा फोटो? मग आई कुठे येणार त्यात? ती पडली ना!

हो, एकतीस मतांनी... आणि बावन्न बाद. तेही छापणार.

का म्हणजे? आईच्या संध्याकाळच्या वर्गात सही शिकलेली माणसं ती, ताई! लॉन्ड्रीतल्या बायका, डेपोतले झाडूवाले... जन्मभर अंगठे उठवले, आणि आईच्या नावापुढे शिक्का मारून खाली झोकात सही ठोकली. सही दिसली की मत बाद... हसू नकोस गं. बरं, हस. मलाही आधी हसूच येतं.

हं... हं... माहितेय, सही करायला बाबांनी सांगितलं, असं सगळी गल्ली म्हणते. ‘नवऱ्यानंच पाडलं’ हा टोमणा मरेपर्यंत ऐकला त्यांनी. आणि तू सासरी बसून वर्षभर अबोला धरलास त्यांच्याशी...

नाही, पान काढणार नाही... नाही म्हणजे नाही! ओरड, काय वाट्टेल ते कर.

बाबांची बदनामी?... थांब. थांब जरा. वाचलंयस का तू ते पान? मग ऐक, वाचते. ‘मतपत्रिकेवर सही करा, असं उमेदवाराच्या धाकट्या मुलीनं घरोघरी जाऊन सांगितलं होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.’

हो... मी... बाबा नाही गं, मी! मला वाटलं, आता कशाला अंगठा, ऐटीत सही करा; आणि लोकांनी ऐकावं म्हणून बाबांचा निरोप आहे असं सांगत फिरले. निकाल लागला तेव्हा बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं; म्हणाले, तू गप्प बस, मी बघतो. आणि मी बसले गप्प. चाळीस वर्षं.

आईला?... नाही, तिलाही कधी कळलं नाही.

रडू नकोस, ताई... अबोला धरायचा तर आता माझ्याशी धर. पण पान राहणार.

ताई?... हॅलो?... हॅलो?