कोरडा लंगोट

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, तुम्हीच सांगा! शेजाऱ्यांवर? रांग लावणाऱ्या मास्तरांवर? की चाळीस वर्षं कापड विकून शहाण्या झालेल्या माझ्यासारख्यावर?

तुम्हाला सांगतो, पुराचं पाणी दुकानात छातीइतकं, आम्ही शाळेत, तिसरीच्या वर्गात अकरा बिऱ्हाडं, आणि नात माझी दहा महिन्यांची, आदला अख्खा दिवस उलट्या-जुलाब, वर्ग डोक्यावर घेतलेला... आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकदम गप्प! झालं, शेजारच्या काकू लगेच, "बाई बाई, किती गुणी! रडत नाही, म्हणजे बरं आहे!" त्यांचे यजमान बाकाखालून, घोरणं अर्धवट सोडून, "रडत नाही ना? मग बरं आहे!"

सून म्हणाली, "बाबा, सकाळपासून लंगोट कोरडाच आहे हिचा. दूधही ओढत नाही." आणि मी काय म्हणावं? "चला, तेवढेच चार लंगोट वाचले!" वर हसलो! अहो, सुक्या फडक्याची मारामार होती तिथं... पण म्हणून?

तरी सुनेनं ऐकलं नाही, पोरीला घेऊन मला शाळेतल्याच डॉक्टरांच्या रांगेत उभं केलं. रांगेवर मास्तर. हातात छडी, डोक्यात एकच नियम. "जो जास्त रडतोय, तो पुढे!" अंगठ्यात साधं कुसळ गेलेला एक सहा फुटी गडी बोंबलत आत गेला हो, बोंबलत! आणि आम्हाला? "तुमची रडत नाही ना? मग बरं आहे. मागे व्हा." तीन वेळा मागे!

शेवटी पाण्याची बादली घेऊन चाललेली नर्सबाई थबकली. पोरीला हाक मारली, पोर बघेना. डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली... तर चुणी तश्शी उभी! अहो, गिऱ्हाइकासमोर कापड मुठीत चुरगाळायचं, सोडायचं, चुणी राहिली की माल हलका, हे मी उभा जन्म केलं! आणि नातीच्या पोटावरची चुणी दाखवायला मला परकी बाई लागली!

बाई कडाडली, "आजोबा, ओरडणारं पोर रांगेत थांबू शकतं, गळून पडलेलं नाही! दूध घेत नाही, लघवी नाही, हाकेला बघत नाही... यातलं एक जरी दिसलं तरी रांग मोडून आत शिरायचं!" मास्तर म्हणाले, "पण नियम..." ती म्हणाली, "छडी बाजूला घ्या."

सलाईन लागलं. संध्याकाळी पोरीनं असा टाहो फोडला की फळ्यावरचा खडू खाली पडला! आणि त्याच काकू बरं का, त्याच, कानावर हात ठेवून, "अहो, गप्प करा ना तिला!"

"काकू," म्हटलं, "रडतेय, म्हणजे बरं आहे!"

आता? आता लंगोट धुतो मी. सून मोजते, मी पिळतो. काल अकरा झाले... तक्रार नाही. तुम्ही तेवढं एक करा. घरात पोर आजारी असलं की ओल्या-कोरड्याचा हिशेब खरा ठेवा. कोरडा लंगोट नफ्यात धरणारा व्यापारी एकच पुरे झाला.