मामांची शाल

बोर्लीच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर येत होतं. एक सासू, आणि मांडीवर धापा टाकणारं बाळ घेतलेली तिची सून.

"आत्या, डॉक्टर परत मामांच्या विड्यांचंच विचारतील."

"सांग, मामा गेल्यापासून घरात कोण वढत न्हाय."

"सांगितलं होतं. ते म्हणाले, धूर भिंतीत, कपड्यांत मुरून राहतो. पोर हुंगतं, चाटतं, तोच त्याला बाधतो."

"भिंती तर धुतल्या गं."

"गोधड्यापण जाळल्या. अजून काय राहिलंय घरात?"

"त्यांची शाल हाय. तेवढी मागू नको, विनिता. त्या शालीला त्यांचा वास येतो."

"आत्या, तोच वास..."

"व्हय. काल पोराला थंडी वाजत होती, म्हणून तीच पांघरली गं मी."