वेड्या बाभळीवर भुंगेऱ्यांचा उतारा

चहा निवण्यापूर्वी वेड्या बाभळीवरचा शास्त्रशुद्ध उपाय ऐकून घ्या. रेणापूरजवळच्या माझ्या दोन एकरांपैकी एक एकर या बाभळीने केव्हाच बळकावला आहे. तो यंदाच्या पेरणीपूर्वी मोकळा व्हावा, एवढीच माझी माफक इच्छा होती. म्हणून ओळखीच्या एका कीटकतज्ज्ञांना मी मुद्दाम पाचारण केले.

साहेब मोटारीतून उतरले ते हातात काचेची बरणी घेऊन. बरणीत मुगाच्या दाण्यापेक्षाही लहान भुंगेरे वळवळत होते. माझे शेत कसणारी गयाबाई कुऱ्हाड घेऊन आली होती. साहेबांनी तिला ती खाली ठेवायला लावली, कारण आता विज्ञान आले होते.

"हे किडे एवढे झाड खातील?" मी विचारले.

"झाड नाही, बाई. शेंगांतले बी खातात. त्यामुळे नवी झाडे उगवत नाहीत."

"आणि जी उभी आहेत ती?"

"ती उभीच राहणार. त्यांचे आयुष्य संपेपर्यंत."

"ते साधारण किती असते?"

साहेबांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि अत्यंत विनयाने सांगितले, "बाई, पुढच्या पिढीला याचा फार उपयोग होईल."

गयाबाई बरणीजवळ वाकली. भुंगेरे नीट न्याहाळून तिने साहेबांना विचारले, "म्हंजी तुमी बाभळीची नसबंदी करून राहिले व्हय? मला तं वाटलं, बाईंनी तिला माती द्यायला बोलावलंय."