सापसुरळीच्या शेजारचा अंगठा

...नाही पण तुम्ही मला एक सांगा, माणूस समोर आला की आपण आधी कुठं बघतो? तोंडाकडं! बरोबर ना? मग मीच काय पाप केलंय? पाथर्डीच्या बाजारपेठेतनं मी निघालो ना, की लोक तोंडाकडं बघतच नाहीत, डायरेक्ट खाली... पायाकडं! परवा एसटी स्टँडवर एक आजीबाई, ओळख ना पाळख, वाकून वाकून बघायला लागल्या. मला वाटलं पाया पडतायत, मी आपला मागं सरकलो, म्हटलं, "आजी, राहू द्या, राहू द्या!" तर म्हणतात कशा, "न्हाई रं बाबा, डावा हाय का उजवा त्येवढं बघत हुते." घ्या!

आणि हे सगळं कशापायी? एका सापसुरळीपायी! आणि आमच्या मॅडमपायी. मॅडम म्हणजे मनकर्णा, माझी बायको हो, पण झेडपीच्या शाळेत शिकवते, सगळं गाव मॅडम म्हणतं, म्हणून मीही मॅडमच म्हणतो, घरात शांतता राहते. मी ज्ञानेश्वर. माऊली म्हणतात मला. 'माऊली फ्लेक्स', पाहिलं असेल दुकान. वाढदिवस असो, निवड असो, दहावा असो, फ्लेक्स माझ्याकडं. आणि तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात फोटोला काय किंमत? नेट उघडायचं, 'वाघ' टाकायचं, वाघ आला की उचलायचा आणि आप्पासाहेबांच्या मागं चिकटवायचा. आप्पासाहेब आमचं ठरलेलं गिऱ्हाईक, दर वर्षी भावी काहीतरी असतात. "माऊली, औंदा वाघ जरा रागीट घे बरं का, मागल्या साली लई गरीब वाटत हुता!" झालं. आजवर एकाही वाघाची तक्रार आली नाही.

तर एक दिवस मी आप्पासाहेबांच्या डोक्यावर गरुड बसवत होतो, आणि मागनं आवाज आला, "हा गरुड कुणी काढला?" वळून बघतो तर मॅडम. म्हटलं, नेटवरचा आहे. "नेटवर काय गरुड उगवतात का? कुणीतरी कॅमेरा घेऊन कड्यावर ताटकळत बसलं असेल ना? त्याला विचारलंत का?"

विचारलंत का! हे दोन शब्द त्या दिवशी जे माझ्या कानात शिरले ना, ते अजून निघालेले नाहीत.

आता ती असं का म्हणाली ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच खेकसली. तिच्या वर्गातली निम्मी पोरं दसरा झाला की आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर भरतात, त्यात भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि वर ही पोरं. तिकडं उसाच्या फडाशेजारी कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत राहायचं, उन्हाळ्यात परत यायचं, तोवर अक्षरं पुसून गेलेली. म्हणून मॅडमनी एक छोटं पुस्तक केलं, आपल्या माळावरचे आणि उसातले जीव, मोठी चित्रं, खाली दोन-दोन ओळी, पोरांनी बरोबर न्यायचं आणि वाचायचं. गेल्या साली सगळं तयार, आणि तालुक्याला छाननीवाले साहेब म्हणाले, "छान आहे हो, पण या चित्रांची परवानगी कुठाय?" परवानगी कुठली? चित्रं अशीच नेटवरनं घेतलेली. पुस्तक तिथंच अडलं, ट्रॅक्टर काही अडला नाही. पोरं हात हलवत गेली आणि ही शाळेच्या फाटकात उभी. घरी येऊन जेवली सुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं हो, खोटं कशाला सांगू.

म्हणून या साली तिनं ठरवलं, एकेक चित्र असं पाहिजे की ज्याच्या मालकानं स्वतःहून सांगितलंय, घ्या बाबांनो, वापरा. म्हटलं, असा येडा जगात कोण बसलाय? आणि एक फोटो तो काय, त्यासाठी एवढं?

तर आहेत! तुम्हाला सांगतो, साइटच आहेत तसल्या. मी तर चाटच पडलो. टिटवी टाकली, टिटवी आली. मुंगूस टाकलं, मुंगूस आलं. ज्वारीवरचा किडा टाकला, तर कुठल्यातरी थंड देशातल्या माणसानं इकडं येऊन आपल्या ज्वारीवरच्या किड्याचा असा फोटो काढलाय की किड्याच्या मिशा मोजाव्यात, आणि खाली लिहिलंय, कुणीही वापरा, फक्त माझं नाव लिहा. मला कळेना, कोण असेल हो हा माणूस? बायको काय म्हणत असेल त्याची? सासुरवाडीला जायचं सोडून हा आपला किड्यासमोर पालथा पडलाय! आणि बदल्यात मागतो काय, तर नुसतं नाव! आप्पासाहेब फ्लेक्सवर नाव टाकायला मला रुपये मोजतात. मी बघतच बसायचो, दारात गिऱ्हाईक ओरडायचं, "माऊली, बॅनर!" आणि मी म्हणायचो, थांबा हो, इथं एक कोळी जाळं विणतोय.

पण अटी! एक म्हणतो वापरा पण विकू नका. दुसरा म्हणतो वापरा पण कापू नका, रंग बदलू नका. तिसरा म्हणतो, मी दिलं तसंच तुम्हीही पुढं फुकट द्या. अहो, सोयरीक जमवताना सुद्धा इतक्या अटी नसतात! मी वैतागायचो आणि मॅडम शांतपणे एकेक वाचायची. तिचं म्हणणं एकच, त्यानं सांगितलंय ना, मग ऐकायचं.

सगळं पुस्तक झालं. अडलं एका पानावर. सापसुरळी!

आता तुम्ही म्हणाल, गाळा ना ते पान. मीही तेच म्हणालो. तर ती म्हणाली, "तेच पान महत्त्वाचं आहे." कारण काय, तर आपल्याकडं सापसुरळी दिसली की काठी. लहान-मोठा, कुणीही असो. "चावली की मानूस पानी मागत न्हाई!" आणि खरं काय, तर बिचारीला विष नाही, काही नाही, किडे खाते आणि ऊन खाते. उसाच्या पाचटात पोरांना रोज दिसणार, आणि रोज मार खाणार. म्हणून तिला फोटो पाहिजे, आणि आपल्याकडचीच पाहिजे. नेटवर काय सापडली? एक निळ्या शेपटीची, परदेशातली, ती पोरं ओळखणार कशी? एक अगदी आपली, हुबेहूब, आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. मॅडमनी त्या माणसाला इतकं गोड पत्र पाठवलं, उत्तरच नाही. म्हटलं, घेऊन टाक, एक फोटो तो काय, त्याला कुठं कळतंय! तर चष्म्यावरनं बघितलं माझ्याकडं. "विचारलं मी. तो हो म्हणालेला नाही."

मग अल्लाबक्षभाईंना बोलावलं. शेजारीच स्टुडिओ त्यांचा, लग्नाचे फोटो काढतात, माणूस दिलदार. "मॅडम, मुलांचं काम आहे, पैसे कसले देता!" आले की छत्र्या, लाइटी घेऊन आमच्या घरामागं. तिथं दगडांचा ढीग आहे, त्यात सापसुरळी राहते. ती बाहेर आली, आणि यांना सवय लग्नाची... "मान जराशी इकडं... हां... खांदा सैल सोडा..." आणि टाकला फ्लॅश! ती जी गेली! फोटो आला नुसत्या दगडाचा, आणि त्यावर आडवं, दगडापेक्षा मोठं, 'अल्लाबक्ष डिजिटल, हळद, लग्न, रिसेप्शन', आणि मोबाईल नंबर. म्हणाले, "वापरा की खुशाल, फक्त नाव काढू नका."

मग मॅडमनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, तुम्ही स्वतः काढलेला सापसुरळीचा फोटो असेल तर पाठवा. आले की धडाधड! आणि काय सांगू तुम्हाला... सगळ्या मेलेल्या. प्रत्येक फोटोत सापसुरळी उलटी पडलेली आणि मागं मारणारा, हातात काठी, छाती पुढं. एकानं तर गॉगल घातलेला. मॅडमनी एकेक फोटो बघितला, मोबाईल पालथा ठेवला आणि हळूच म्हणाली, "जिवंत एक सुद्धा नाही हो."

दुसऱ्या दिवशी मी दुकानच उघडलं नाही. घरामागं गेलो, ढिगाशी दगडावर बसलो, चप्पल काढून पाय लांबवले आणि मोबाईल धरून बसलो. म्हटलं, तो थंड देशातला माणूस बसतो, मग मी का नाही? ऊन चढलं. मुंग्या आल्या, पायाला पण आणि पायावर पण. आणि निघाली ती! काय चमकत होती हो! तपकिरी अंग, कडेनं उजळ रेघ, तेल लावून आल्यासारखी. जरा थांबली, जीभ काढली, आणि आली की सरळ माझ्याकडं! माझी बोबडी वळली. विष नाही, विष नाही, विष नाही... मनात घोकतोय, पण पायाला कोण सांगणार? ती आली, माझ्या अंगठ्याला टेकून बसली, शेपूट अंगठ्यावर टाकली आणि डोळे मिटून ऊन खायला लागली! मी श्वास धरला आणि दाबलं बटण.

फोटो एक नंबर! एकेक खवला मोजून घ्या. फक्त... अंगठा. आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या त्या अंगठ्याचं नख जरा... तसलं आहे. पिवळं, जाड, एका कडेनं काळपट, भेगाळलेलं. कोण बघतंय पायाच्या नखाकडं? म्हटलं, मॅडम, काळजी नको, मी आप्पासाहेबांना गोरं करतो, तिथं अंगठ्याचं काय! पुसून टाकतो, तिथं दगड चिकटवतो. तर ती एकदम ओरडली, "हात लावू नका त्याला!" म्हटलं, का? "अहो, पोरांना पटणार कसं ती चावत नाही ते? तुमच्या अंगठ्यावर निवांत झोपलीय ना ती!"

आणि मग तिनं काय करावं? म्हणाली, आपण इतक्या लोकांचे फोटो घेतले, आता हा आपण त्या साइटवर देऊ, जगाला. मला समोर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं, "कुणीही वापरेल, कशासाठीही वापरेल, आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही. देता का?" अहो, विचारलं! तिनं मला विचारलं! माझी छाती अशी फुगली, म्हटलं, दे की, एक फोटो तो काय!

पुस्तक पास झालं. दसऱ्याला ट्रॅक्टर निघाले तेव्हा प्रत्येक पोराच्या हातात ते होतं, आणि मॅडम फाटकातनं हात हलवत होती आणि रडत होती, पण तसलं रडणं चालतं.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती की नाही? पण नाही! त्या साइटवर जगभरचे जाणकार, त्यांना फोटोतला एकेक जीव ओळखायचा नाद. पहिल्यानं लिहिलं, सापसुरळी. दुसरा म्हणाला, बरोबर, सापसुरळी. तिसऱ्यानं लिहिलं, या फोटोत आणखी एक जीव आहे. आम्ही बघतोय, कुठाय, मुंगी का काय? तर खाली लिहिलंय, 'नखावर, बहुधा बुरशी.' त्याखाली ही चर्चा! चौथा म्हणतोय, नक्की कुठली बुरशी ते नुसत्या फोटोवरनं सांगता येणार नाही, पण नमुना उत्तम आहे. नमुना! आयुष्यात कुणी मला उत्तम म्हणालं, तर ते हे.

आणि काही दिवसांनी दुकानात कोण? सरकारी दवाखान्यातल्या सबिहा सिस्टर. "दादा, दहा बाय सहाचा फ्लेक्स करायचाय, पायांची निगा. ऊसतोडीची माणसं दिवसभर ओल्यात असतात ना. फोटो मीच आणलाय, आणि बघा हं, अगदी मुक्त वापराचा आहे, मॅडमनीच शिकवलं मला कसा शोधायचा." पेन ड्राइव्ह लावला. उघडलं. अंगठा! सापसुरळी कापून टाकलेली, नुसता माझा अंगठा, पडदाभर! मी घरी येऊन मॅडमपुढं थयथयाट केला, म्हटलं, मला कुणी विचारलं? तर भाकरी थापता थापता म्हणते, "तुम्ही आधीच हो म्हणून बसलाय ना?"

माझ्याच मशीनवर, माझ्याच शाईनं छापला मी तो. लागला एसटी स्टँडवर, आप्पासाहेबांच्या शेजारी. आप्पासाहेब भडकले, "माऊली, कुनाचा रं ह्यो अंगठा? माझ्या थोबाडापेक्षा मोठा हाय!" आणि सिस्टर पडल्या इमानदार, खाली लिहायला लावलेलं... 'छायाचित्र : ज्ञानेश्वर, माऊली फ्लेक्स, पाथर्डी.' आप्पासाहेबांनी ते वाचलं. मग माझ्या पायाकडं बघितलं. तेव्हापासून सगळं गाव तिथंच बघतंय.

परवा फडावरनं फोन आला. मॅडमच्या वर्गातली संस्कृती नावाची पोरगी, तिसरीतली, बापाच्या मोबाईलवरनं. "मॅडम, इथं पाचटात सापसुरळी निघाली! एका दादानं काठी उचलली, पर आमी त्याला पुस्तक दावलं, वाचून बी दावलं. त्यानं सोडली तिला." मॅडम डोळे पुसायला लागली. मी फोन घेतला, म्हटलं, शाब्बास पोरी! तर मागनं सगळ्या पोरांचा गलका, "इचार ना, इचार!" म्हटलं, काय विचारायचंय? तर म्हणते, "काका, त्या अंगठ्याला औषध लावलं का न्हाई?"

अहो, लावतोय! सिस्टरनीच दिलंय, रोज लावतोय, आणि नख आता चांगलं होत आलंय. पण उपयोग काय? जगात ते आजारीच राहणार, परत घेता येत नाही ना! मी म्हटलं, मॅडम, निदान या चांगल्या अंगठ्याचा एक नवा फोटो टाकू. तर म्हणते, "नुसत्या अंगठ्याचा पोरांना काय उपयोग? सापसुरळी कुठाय त्यात?"

म्हणून आता रोज दुकान उघडायच्या आधी घरामागं दगडांच्या ढिगाशी जातो, चप्पल काढतो, अंगठा पुढं करतो आणि बसतो... येत नाही हो ती.