दक्षाला मी घरी पाठवलं होतं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून कामाचा खाडा करून आलेले पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आपण माझा हा सत्कार केलात. आधीचे वक्ते मला मुलांचा आधार म्हणाले. शब्द कानावर पडत होते, पण खरं सांगतो, आत काही हललं नाही. का, ते सांगतो.

दोन हजार पंधराची दिवाळीची सुट्टी. आपली नववीतली दक्षा घोलवडच्या वाडीत चिकू तोडून परतताना जीपमधून पडली. डोक्याला मार लागला. पुढच्या जूनमध्ये तिची आई, रखमीबाई, तिला घेऊन शाळेत आल्या. दक्षा चालत होती, पण वाचता वाचता मधेच थांबायची, काल घडलेलं आज विसरायची. गोंगाट झाला की कानांवर हात ठेवायची.

मी मुख्याध्यापक. म्हणालो, "हिला घरीच ठेवा. दहावी झेपायची नाही."

"सर, घरात ती भिंतीकडं बघत बसते. इथं पोरांकडं तरी बघंल."

शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्यांच्या नावाने मीच लिहून पुढे केला. रखमीबाईंनी अंगठा दिला.

महिन्याभराने विशेष शिक्षिका निलम मॅडम तो अर्ज घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

त्या एवढंच विचारून गेल्या. दुसऱ्या दिवशी रखमीबाईंना आणि दक्षाला घेऊनच आल्या. आधी दोन तास शाळा, मग चार. पुढचा बाक. एका वेळी एकच प्रश्न. दहावीला वाढीव वेळ मिळाला आणि लेखनिक म्हणून नववीतली जमना. मी काय केलं? कागदांवर सह्या केल्या.

गेल्या वर्षी निकाल लागला, त्रेचाळीस टक्के. दक्षा पेढे घेऊन ऑफिसात आली. सावकाश, शब्द शोधत म्हणाली, "सर, तुम्हीच मला परत शाळेत घेतलं ना?"

निलम मॅडम शेजारीच होत्या. रखमीबाई खाली बघत होत्या. मी "हो" म्हणालो आणि पेढा घेतला.

दक्षा, तू समोर बसली आहेस. ते खोटं होतं. तुला मी घरी पाठवलं होतं. परत आणलं ते निलम मॅडमनी आणि तुझ्या आईने.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर आपण ते पोटात घालालच. त्या जूनमध्ये जे बोललो, ते पोटात घाला असं मात्र रखमीबाईंना मी म्हणणार नाही.